तक्त्यावरचा गोल

१

घर बदलायची वेळ आली की घरातल्या प्रत्येकाची खोड बाहेर येते. कुणी जुनी पत्रं वाचत बसतं, कुणी नेमकं खोकी भरायच्या वेळी बाहेर सटकतं. ही बाई लेबलं लावायची. म्हणून नवरा तिला लेबलबाई म्हणायचा, आणि आपणही तेच म्हणू, कारण नाव तिला शोभतं.

लेबलबाई रक्त तपासायच्या लॅबमध्ये बारा वर्षं कामाला होती. ज्या नळीवर चिठ्ठी नाही ती टाकून द्यायची, ज्याने काम केलं त्यानेच लगेच नोंद करायची, आणि काम व्हायच्या आधी नोंद तर देवाने सांगितलं तरी करायची नाही, असा तिथला खाक्या. तो तिच्या अंगात इतका मुरला होता की खोक्यावर नुसतं ‘भांडी’ लिहून तिला चैन पडेना. ‘भांडी, रोजची, न फुटणारी, स्वयंपाकघर, उजवा कोपरा’ एवढं लिहायची. सामान उचलणारे हसले. हसू देत, म्हणाली.

घरात माणसं पाच. एक ती. दुसरा नवरा, लिफ्ट दुरुस्त करणारा; फोन आला की तोंडातला घास तसाच ठेवून निघायचा. पाच वर्षांची मुलगी, जिला सगळे भिंगरी म्हणत, आणि का म्हणत ते दोन मिनिटं बघितलं की कळायचं. दीड वर्षाचा गट्टू, जो नुकताच दिसेल त्यावर चढायला शिकला होता. आणि घर लागेपर्यंत मदतीला आलेले सासरे, अण्णा. अण्णांनी आयुष्यभर घड्याळं दुरुस्त केलेली. माणूस सोन्यासारखा, पण भयंकर मानी. काही विचारलं की त्यांना वाटायचं, आपल्यावर संशय घेतला.

त्यातूनच तो तक्ता जन्माला आला. अण्णा मागच्या खेपेला आले होते तेव्हा गट्टूला ताप होता. अण्णांनी औषध पाजलं, आणि पंधरा मिनिटांनी हिनेही पाजलं. पोर सहा तास गाढ झोपलं आणि ही सहा तास त्याच्या छातीवर हात ठेवून बसली. काही झालं नाही म्हणा, पण त्यानंतर फ्रिजवर कागद लागला. वेळ, कोणाचं, काय, केलं कोणी. असे चार रकाने. पेन सुतळीने फ्रिजच्या मुठीला बांधलेलं. लिहून सोडलं की ते दारावर आपटायचं, टक. आणि एकच नियम. तक्त्यावर आहे म्हणजे झालं, पुन्हा कुणी कुणाला विचारायचं नाही.

भिंगरीला अजून वाचता येत नव्हतं, म्हणून सह्यांऐवजी खुणा होत्या. आईचा त्रिकोण, बाबांचा चौकोन, अण्णांचा चष्मा आणि भिंगरीची चांदणी.

२

नवं घर चौथ्या मजल्यावर. उजेड भरपूर, वारा भरपूर, आणि मागच्या खोलीची खिडकी उघडीबोडकी. आधीच्या लोकांनी जाताना ग्रिल काढून नेलं होतं; पडदे नेतात, पंखे नेतात, ग्रिल नेणारी माणसं तिने पहिल्यांदाच पाहिली. खिडकीला धड कडी नव्हती, झडपा वाऱ्याने आपटत. खाली बघितलं की फरशी घातलेलं अंगण, आणि तिथे एक सायकल एवढीशी दिसायची.

ग्रिलवाला येतो येतो म्हणाला आणि तीन वेळा आला नाही. मग ठरलं की ग्रिल लागेपर्यंत त्या खोलीला बाहेरून कडी. लागणार नाही ते सामान तिथे रचून टाकायचं. सामानवाल्यांनी ‘कुठे ठेवू?’ विचारल्यावर लेबलबाईनेच सांगितलं, खिडकीखाली ठेवा, वाट मोकळी राहील. पुस्तकांची जड खोकी खाली, हलकी वर, एकाच्या मागे एक उंच होत गेलेली. तिने मागे सरून पाहिलं आणि कसं नीट लागलं म्हणून तिला बरंसुद्धा वाटलं.

पण गट्टूला काही बरं वाटेना. त्याची झोपच उडाली. जुन्या घरात दुपारी आडवा केला की दिवा विझल्यासारखा झोपायचा. इथे डोळे टक्क उघडे. तिच्या कमरेवरून उतरायला तयार नाही, भिंगरी पायात पायात, आणि सगळी खोकी तोंड बांधून तिच्याकडे बघत बसलेली. आठ दिवसांनी, पुढच्या आठवड्यातल्या सोमवारी, तिला लॅबमध्ये पुन्हा रुजू व्हायचं होतं. रविवारी संध्याकाळी ती बाथरूममध्ये नळ सोडून दोन मिनिटं रडली. मग तोंड धुऊन बाहेर आली आणि चमच्यांचं खोकं शोधायला लागली.

३

सोमवारी दुपारी ती कपाटात कपडे लावत होती आणि एकदम तिच्या लक्षात आलं, की घर गप्प आहे. लहान मुलं असलेल्या घरात शांतता कधीच चांगली नसते. ती धावली. गट्टू बाहेरच्या खोलीत गादीवर शांत झोपला होता. अंगावर पांघरूण हनुवटीपर्यंत, चारी बाजूंनी नीट खोचलेलं.

तक्त्यावर लिहिलं होतं, ‘१:३० ते ३:००, गट्टू, झोप.’ पुढे खूण म्हणून एक गोल. अण्णांचा अर्धा चष्मा, तिला वाटलं. घाईत एकच काच काढली असेल. अण्णा आतल्या खोलीत आरामखुर्चीत डुलकी काढत होते, आणि तिला त्यांची इतकी माया आली की काय सांगावं. त्या दीड तासात तिने डोक्यावरून आंघोळ केली, सगळं कपाट लावलं, आणि बसून चहा प्यायला. बसून. या घरात आल्यापासून पहिल्यांदाच.

अण्णा उठले तेव्हा तिने त्यांना विचारलं नाही, नियमच होता. चहा मात्र त्यांना हवा तसा, दुधाळ आणि गोडमिट्ट करून दिला. अण्णांना गलबलून आलं. कारण त्यांच्या मनात भलतंच होतं. त्यांना वाटत होतं, एवढ्या रगाड्यात पोराला सूनबाईने झोपवलं आणि वर आपल्याला हाकसुद्धा मारली नाही. त्यांनी तिचं बंद पडलेलं मनगटी घड्याळ मागून घेतलं आणि तासाभरात चालू करून दिलं.

मंगळवारी पुन्हा तसंच. ‘११:१५, गट्टू, दूध,’ गोल. ‘४:००, भिंगरी, वेणी,’ गोल. भिंगरीची वेणी घट्ट आणि सरळ होती, एक केस इकडचा तिकडे नाही. लेबलबाईला वाटलं, नवऱ्याने घातली; त्याला चौकोनाच्या चार रेघा ओढायचाही कंटाळा, म्हणून गोल. नवऱ्याला वाटलं, बायकोचा त्रिकोण थकव्याने गोल झाला. घरात जो तो दुसऱ्याच्या उपकाराखाली होता. लग्नानंतर इतका गोडवा त्या घरात क्वचितच नांदला असेल. सासरा आणि सून एकमेकांना आधी बसा, आधी घ्या म्हणत होती. आणि मागच्या खोलीला कडी होती.

४

बुधवारी सकाळी अण्णा तिच्याजवळ येऊन घसा खाकरून उभे राहिले. त्यांनी फार मोजूनमापून सांगितलं, की बोलायचा अधिकार नाही, पण आयुष्य घड्याळांत गेलं म्हणून राहवत नाही.

“सूनबाई, तक्त्यावर अकराचं केळं मी पावणेअकरालाच वाचलं. आधी लिहून ठेवतेस ती तुझी पद्धत असेल, माझं काही म्हणणं नाही.”

तिला हसूच आलं. आधी लिहून ठेवणं, आणि ते तिने? लॅबमध्ये यासाठी तिने एका मुलीला रडवलं होतं. ती म्हणाली, भिंतीवरचं घड्याळ पुढे असेल. अण्णांचा चेहरा उतरला, कारण घड्याळ त्यांनी लावलं होतं. मग तिने पटकन विषय बदलला.

पण अण्णा बाजूला झाल्यावर ती तक्त्यापाशी जाऊन उभी राहिली. लॅबची नजर ती. गोल असलेल्या ओळी तिने एकीखाली एक पाहिल्या. ‘झोप’मधला झ अण्णांचा होता, जुन्या वळणाचा, पोटात गाठ असलेला. ‘दूध’ तिच्या स्वतःच्या अक्षरात. ‘वेणी’तला व तिचा आणि णी नवऱ्याची. प्रत्येक अक्षर वरच्या कुठल्या तरी ओळीत होतं, हुबेहूब, पेन जिथे अडखळलं होतं तिथे अडखळण्यासकट. जणू कुणी बोट ठेवून ठेवून उतरवलं होतं.

आता अशा वेळी माणूस काय करतो? स्वतःची समजूत घालतो. तिने ठरवलं की भिंगरीला लिहायचा नाद लागलाय, मोठ्यांचं बघून गिरवते. वेळा? घरच्या वेळा तर ठरलेल्याच असतात. तिने भिंगरीला विचारलं, गोल तू काढतेस का गं. भिंगरी म्हणाली, माझी चांदणी आहे ना, मी गोल कशाला काढू. आणि गिरकी घेत निघून गेली.

गट्टू तेव्हा गादीवर बसून कुणाला तरी चेंडू दिल्यासारखा हात पुढे करत होता. चेंडू घरंगळत भिंतीपर्यंत गेला आणि घरंगळत परत आला. घराची फरशी उतरती असणार, असं म्हणून ती भाजी चिरायला वळली.

५

गुरुवारी दुपारी ग्रिलवाला उगवला. मापं घेतली, उद्या नक्की म्हणाला, गेला. त्याला दारापर्यंत सोडायला अण्णा गेले, आणि जिना उतरता उतरता त्याला गजाची जाडी समजावत खालपर्यंत पोचले. नवरा कामावर. भिंगरी बाहेरच्या खोलीत चित्र काढत होती. लेबलबाईने गट्टूला तिच्याजवळ बसवलं, दोन मिनिटं बघ गं म्हणाली, आणि दुधाची बाटली धुवायला स्वयंपाकघरात गेली.

टक.

पेन फ्रिजच्या दारावर आपटलं होतं. ती ओट्यापाशी होती, फ्रिज तिच्या पाठीशी. वळून पाहिलं तर सुतळी अजून हलत होती. तक्त्यावर नवी ओळ होती.

‘३:५०, गट्टू, खिडकी.’ आणि गोल.

‘खिडकी’ हा शब्द तक्त्यावर आजवर कुणीच लिहिला नव्हता. त्यामुळे तो उतरवून घ्यायला वर काही नव्हतं. अक्षरं मोठी, वाकडी, फार कष्टाने काढलेली होती, पेन इतकं दाबून की कागद फाटला होता. घड्याळात तीन अठ्ठेचाळीस झाले होते.

बाटली कुठे पडली तिला माहीत नाही. मागच्या खोलीची कडी निघालेली होती; ग्रिलवाल्याने काढली ती कुणीच पुन्हा लावली नव्हती. दार सताड. खिडकीच्या दोन्ही झडपा उघड्या. आणि तिने नीट रचून घेतलेली खोकी, पुस्तकांचं खाली, चादरींचं वर, ती खोकी म्हणजे जिना होता. दीड वर्षाच्या पायांना बरोब्बर बेताच्या पायऱ्या.

गट्टू सगळ्यात वर होता. गुडघे खिडकीच्या कट्ट्यावर, आणि कमरेपासून वरचा सगळा बाहेर, दोन्ही हात हवेत, खाली बघून खिदळत. तो पडायला हवा होता. ज्या कोनात तो होता त्या कोनात कुठलीच वस्तू थांबत नाही, हे सांगायला शिकलेलं माणूस लागत नाही.

तो पडत नव्हता, कारण त्याचा सदरा मागे ताणलेला होता. पाठीवरचं कापड गोळा होऊन खोलीच्या दिशेने ताठ ओढलं गेलं होतं, मुठीत धरावं तसं. तिथे मूठ नव्हती. खोकी होती, उन्हाचा पट्टा होता, त्यात धूळ तरंगत होती. आणि कापडापाशी, हातभर जागेत, धूळ तरंगत नव्हती.

तिने त्याला दोन्ही हातांनी कवटाळलं तेव्हा मग कापड सैल झालं. आधी नाही. ती त्याला घेऊन फरशीवर बसली, आणि तिच्या तोंडातून जे निघालं ती किंकाळी नव्हती. हलक्या आवाजात, पुन्हा पुन्हा, ती एवढंच म्हणत होती, “उपकार झाले. फार उपकार झाले.”

६

शुक्रवारी ग्रिल लागलं. अण्णांनी प्रत्येक गज हलवून पाहिला. कडी राहिली ती आपल्यामुळे, म्हणून ते रात्रभर तळमळले होते; ती त्यांच्या पाया पडली आणि म्हणाली, खोकी तर मीच रचली अण्णा, दोष वाटून घेऊ. मग दोघं थोडं रडले, थोडं हसले, आणि दुपारच्या गाडीने अण्णा आपल्या घरी गेले.

ते निघण्याआधी तिने सगळ्यांना एकत्र बसवून गोलाचं विचारलं. अण्णा नाही म्हणाले. नवरा नाही म्हणाला. मग तुझाच असणार, तो म्हणाला, दमलीस की तुला कळत नाही तू काय करतेस. सदऱ्याचं तिने कुणालाच सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्यांनी तिला विश्रांती घ्यायला सांगितलं असतं.

सदरा तिने धुतला, इस्त्री केला. पाठीवरच्या पाच चुण्या गेल्या नाहीत. तिने त्यांवर आपला पंजा ठेवून पाहिला. अंगठा पहिल्या चुणीवर ठेवला आणि बोटं ताणली, ताणली, करंगळीला कळ आली. तरी पाचव्या चुणीपर्यंत ती पोचली नाही. तिने सदरा घडी करून कपाटाच्या तळाशी ठेवला. त्यावर काय लेबल लावावं हे तिला सुचलं नाही.

पण भीती वाटली म्हणावं, तर तेही धड खरं नाही. पोर तिच्या मांडीवर होतं, उबदार, नाक गळणारं, जिवंत. ज्याने ते दिलं त्याला भ्यायचं कसं? संध्याकाळी तिने तक्त्यावर खिडकीच्या ओळीखाली ‘उपकार झाले’ असं लिहिलं आणि पुढे आपला त्रिकोण काढला. लिहिल्यावर तिला एकदम हलकं वाटलं. आठवडाभर अंगात साचलेला सगळा शीण त्याच क्षणी पायांत उतरला.

७

शनिवारी नवऱ्याला सकाळीच फोन आला. कुठल्याशा इमारतीत दोन माणसं अडकली होती. तो गेला, आणि नव्या घरात ती पहिल्यांदाच दोन मुलांबरोबर एकटी राहिली. सोमवार तोंडावर आलेला. तिने नऊ खोकी रिकामी केली, दहाव्यापाशी आल्यावर तिला उभ्या उभ्या पेंग आली, आणि कपाळ खोक्यावर आपटलं.

टक.

ती स्वयंपाकघरात गेली. घड्याळात दोनला दहा मिनिटं कमी होती. तक्त्यावर तीन नव्या ओळी होत्या.

‘२:०० ते ४:००, गट्टू, झोप,’ गोल. ‘२:०० ते ४:००, भिंगरी, चित्र,’ गोल.

तिसरी ओळ होती, ‘२:०० ते’. ‘ते’च्या पुढे काही नव्हतं. मग ‘आई, झोप’, आणि गोल.

तिने ती ओळ बोट ठेवून पुन्हा वाचली. ‘कोणाचं’ या रकान्यात आजवर फक्त मुलांची नावं असायची. आणि तिला आई म्हणणारी माणसं या जगात दोनच होती. ‘आई’ हा शब्दही कुठून उतरवलेला नव्हता. पण अक्षरं आता फाटेपर्यंत दाबलेली नव्हती. गोलसर, ठसठशीत, मन लावून काढलेली होती. सराव केल्यासारखी.

बाहेरच्या खोलीत गट्टू आपला आपण गादीवर आडवा झाला होता. भिंगरी, जी एका जागी दोन मिनिटं बसत नाही, ती मांडी घालून रंगाची पेटी उघडत होती. मान वर न करता ती म्हणाली, “आई, तू झोप ना. आम्ही आहोत.”

आम्ही म्हणजे कोण, हे लेबलबाईने विचारलं नाही. तक्त्यावर होतं, म्हणजे झालं. पुन्हा विचारायचं नाही.

बारा वर्षांची सवय मात्र तिला तशी जाऊ देईना. तिने पेन हातात घेतलं. ‘ते’च्या पुढच्या रिकाम्या जागेत तिने स्वच्छ अक्षरात लिहिलं, ‘४:००’. काम व्हायच्या आधी केलेली तिच्या आयुष्यातली पहिली नोंद. पुढे त्रिकोण काढला, त्यावर पुन्हा एकदा गिरवला, आणि पेन हळूच सोडलं.

मग ती दोन मुलांच्या मधे जाऊन, एका कुशीवर, गट्टूकडे तोंड करून पडली. मागच्या खोलीचं दार उघडं होतं आणि ग्रिलमधून वारा येत होता. पांघरूण तिने घेतलं नव्हतं. ते तिच्या खांद्यापर्यंत आलं आणि चारी बाजूंनी नीट खोचलं गेलं.

तिने डोळे उघडले नाहीत. पाठीवर थाप पडली, सावकाश, लहान मुलाला थोपटावं तशी. फक्त एका थापेत मानेपासून कमरेपर्यंत सगळी पाठ येत होती. हात जड होता आणि कोमट होता, आणि त्याला काही घाई नव्हती. आपल्याला शेवटचं कुणी थोपटलं होतं, हे तिला आठवेना. तिच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि तिला मनापासून, अगदी आतून, बरं वाटलं.

थाप थांबली.

स्वयंपाकघरात कागदावर पेन चाललं. थोडा वेळ, रेघ ओढावी इतकाच. मग टक.

चारला उठायचं आहे, एवढं तिने मनात घट्ट धरून ठेवलं. उठून बघायला हवं होतं, की चारवर कुणी गोल काढला, की चार खोडलं. तेवढ्यात थाप पुन्हा सुरू झाली, आणि बघायचं राहून गेलं.